औषधाची कंपनी

आमच्या कोळवण खोऱ्यात भातावर फवारणी करायची असली की माणूस म्हणतो, "औषध मारायचंय." दुकानदारही तसंच विचारतो, कोणतं औषध देऊ? करप्याचं का खोडकिड्याचं? विष हा शब्द या व्यवहारात कुठंच येत नाही. एखाद्यानं जिवाचं बरंवाईट करून घेतलं, तरी पेपरात छापून येतं, 'विषारी औषध प्राशन केले'. म्हणजे विषारीही आणि औषधही. मराठीतच असं आहे असं नाही. हिंदीत दवा, आमच्या घरातल्या दखनीत दवाई. पिकाला वाचवणारं म्हणून औषध, एवढा साधा हिशेब त्यामागं असणार.

या शब्दाचा खरा धोका मला भोपाळला कळला. तिथं दरवर्षी तबलिगी इज्तेमा भरतो, ईंटखेडीला. आमच्या पुणे जिल्ह्यातूनही लोक जातात. दहा-बारा वर्षांपूर्वी मी एका मित्रासोबत गेलो होतो. दुआ झाली, गर्दी पांगली, परतीच्या गाडीला अजून पुष्कळ वेळ होता. मित्र म्हणाला, चल, कार्बाइड बघून येऊ. रिक्षावाल्याला नाव सांगायची गरज पडली नाही, नुसतं "कार्बाइड" म्हटल्यावर त्यानं मीटर टाकला.

आत जाता येत नाही. भिंतीवरून गंजलेले मनोरे आणि पाइप दिसतात, खाली झाडी वाढलेली. समोर जयप्रकाश नगरची वस्ती आणि रस्त्याकडेला लेकराला छातीशी धरलेल्या बाईचा पुतळा. वस्तीत चहाच्या टपरीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. दाढी मेंदी लावलेली, डोळे सतत पाझरत होते. मी त्यांना विचारलं, चाचा, ही कंपनी इथं काय बनवायची, ते तेव्हा तुम्हाला माहीत होतं का? ते म्हणाले, "दवा बनाते थे. हम तो समझे दवाखाने वाली दवा." बाजूचा एक जण हसला. म्हाताऱ्याला हसू आलं नाही.

एका म्हाताऱ्याचा हा भाबडेपणा होता असं समजू नका. त्या वस्त्यांमधल्या कितीतरी लोकांनी नंतर हेच सांगितलं आहे. आपल्या भिंतीला लागून दवाईचा कारखाना आहे, म्हणजे चांगलंच काहीतरी आहे, असा त्यांचा समज होता.

कारखान्यात सेव्हिन नावाचं कीटकनाशक बनत होतं. ते बनवताना मधल्या टप्प्यावर मिथाइल आयसोसायनेट हे अतिशय घातक रसायन लागायचं. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री त्या रसायनाच्या टाकीत पाणी शिरलं, आत उष्णता वाढत गेली आणि सुमारे चाळीस टन वायू शहरावर पसरला. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती. वायू जाळून टाकणारी आणि धुऊन काढणारी यंत्रणाही वेळेला कामाला आली नाही. हे सगळं पुढं पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला मात्र भोंग्याची गोष्ट जास्त खटकते. बाहेरच्या लोकांसाठी असलेला भोंगा थोडा वेळ वाजवून बंद केला गेला आणि बऱ्याच उशिरा पुन्हा वाजला. तोवर लोक उठून वाऱ्याच्याच दिशेनं धावत सुटले होते. धावणाऱ्याचा श्वास वाढतो, तेवढा वायू जास्त आत जातो. ओलं फडकं तोंडावर धरून, वाऱ्याची दिशा बघून आडवं निघालं असतं तर कितीतरी जीव वाचले असते. काझी कॅम्प काय, जयप्रकाश नगर काय, त्या वस्त्यांत घराघरात पाणी भरलेलं होतं. आमच्यासारख्यांच्या घरात वुजूचा बधना तरी दाराशी भरलेला असतोच. पण फडकं ओलं करायचं हे सांगणार कोण?

इस्पितळातही तीच अवस्था. हजारो माणसं डोळे चोळत, धापा टाकत येत होती आणि डॉक्टरांना कशावर उपचार करायचे ते ठाऊक नव्हतं. कंपनीकडून कळलं ते एवढंच, की हा वायू अश्रुधुरासारखा आहे, डोळ्यांत पाणी येतं. सरकारी हिशेबात मेलेल्यांचा आकडा पुढं पाच हजारांवर गेला. पीडितांच्या संघटना त्याच्या कितीतरी पट सांगतात.

आणि सांगणारं कोणी नव्हतंच असंही नाही. 1981 च्या डिसेंबरमध्ये त्याच कारखान्यात फॉस्जीन वायूनं मोहम्मद अशरफ हा कामगार मेला. राजकुमार केसवानी नावाच्या पत्रकाराचा तो मित्र. मित्र मेला म्हणून केसवानींनी शोध घ्यायला सुरुवात केली. ते काही रसायनशास्त्र शिकलेले नव्हते. पुस्तकं उघडून, कामगारांना भेटून त्यांनी समजून घेतलं आणि 1982 पासून स्वतःच्या छोट्याशा हिंदी साप्ताहिकात लिहायला लागले, की हे शहर एक दिवस मरेल. कोणी ऐकलं नाही. दुर्घटनेनंतर त्यांना मानसन्मान मिळाले, ते कशाच्या बदल्यात मिळाले हे त्यांना ठाऊक होतं. 2021 च्या मे महिन्यात ते कोरोनानं गेले.

आता अमेरिकेकडं वळतो, कारण युनियन कार्बाइड तिकडचीच. आपल्याकडं दोन प्रकारची माणसं भेटतात. एक म्हणतात, अमेरिकेत कायदे कडक, तिकडं असलं काही होत नाही. दुसरे म्हणतात, सगळं पाप अमेरिकेचंच. दोघांनीही तिकडचा इतिहास थोडा उलगडून पाहावा. ते कडक कायदे कोणा शहाण्या राजानं बसून लिहिलेले नाहीत. जवळजवळ प्रत्येकामागं एखादी जळालेली नदी नाहीतर आजारी पडलेली मुलं आहेत.

नदी जळाली हे शब्दशः खरं आहे. ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड शहरातून कायहोगा नदी वाहते. कारखान्यांचं तेल आणि घाण तिच्यावर इतकी तरंगायची की 22 जून 1969 रोजी तिनं पेट घेतला. अर्ध्या तासाच्या आत आग विझली, रेल्वेच्या लाकडी पुलांचं थोडंफार नुकसान झालं. गंमत म्हणजे नदी पेटायची ही पहिली वेळ नव्हती. एकोणिसाव्या शतकापासून ती अनेकदा पेटली होती आणि 1952 ची आग याच्याहून कितीतरी मोठी होती. 'टाइम' साप्ताहिकानं बातमीसोबत फोटो छापला तोही 1952 चाच, कारण 1969 च्या आगीचा फोटो काढायला कोणी पोचलंच नव्हतं. मग याच वेळी देश का हलला? त्या शहराचे महापौर कार्ल स्टोक्स होते, मोठ्या अमेरिकन शहराचे पहिले काळे महापौर. दुसऱ्या दिवशी ते पत्रकारांना घेऊन नदीवर गेले आणि आमच्या शहराबाहेरून, राज्याच्या परवानगीनं येणारी घाण आम्ही का सोसायची असं विचारू लागले. त्याच वर्षी जानेवारीत कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या समुद्रात तेल सांडलं होतं. लोक आधीच चिडलेले होते.

पुढं भराभर कायदे झाले. 1 जानेवारी 1970 ला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्यावर सही केली. मोठं काम करण्याआधी त्याचा परिणाम तपासून कागदावर मांडायचा, ही पद्धत तिथून जगभर गेली. 2 डिसेंबर 1970 ला पर्यावरण संरक्षणाची स्वतंत्र यंत्रणा, ईपीए, सुरू झाली. 1972 चा स्वच्छ पाण्याचा कायदा निक्सन यांनी नाकारला होता; संसदेनं तो त्यांच्या डोक्यावरून मंजूर केला.

इथं एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपलं महाराष्ट्राचं प्रदूषण नियंत्रण मंडळ 7 सप्टेंबर 1970 ला स्थापन झालं, राज्याच्या 1969 च्या जलप्रदूषण कायद्याखाली. म्हणजे अमेरिकेच्या ईपीएपेक्षा आपलं मंडळ जवळपास तीन महिन्यांनी थोरलं! हे मी सांगतो तेव्हा लोक हसतात. नंतर मुळा-मुठेचं पाणी आठवून हसणं थांबतं.

ईपीए आली तरी पुरलेलं वर यायचं राहिलं होतं. नायगारा धबधब्याच्या शेजारच्या गावात लव्ह कॅनाल नावाचा अर्धवट खणलेला कालवा होता. हूकर केमिकल कंपनीनं 1942 ते 1953 या काळात त्यात वीस हजार टनांहून जास्त रासायनिक कचरा पुरला, वर माती टाकली आणि ती जागा शाळा मंडळाला एका डॉलरला विकली. खरेदीखतात लिहून ठेवलं, की खाली रसायनं आहेत आणि पुढं काही झालं तर आमच्यावर जबाबदारी नाही. मंडळानं तिथं शाळा बांधली, भोवती घरं उठली. घर घेणाऱ्यांना ते खरेदीखत कोणी दाखवलं नाही. 1978 मध्ये लोइस गिब्ज या घर सांभाळणाऱ्या बाईनं वर्तमानपत्रात त्या जागेबद्दल वाचलं. तिचा मुलगा त्या शाळेत जायला लागल्यापासून आजारी पडत होता. ती दारोदार फिरली आणि प्रत्येक घरात कोण आजारी, कोणाचं मूल पोटातच गेलं, ते लिहून घेत गेली. त्या वर्षी ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांना तिथं आणीबाणी जाहीर करावी लागली, घरं रिकामी झाली. 1980 मध्ये पुरलेल्या विषाची सफाई करण्याचा आणि तिचा खर्च घाण करणाऱ्याकडून घेण्याचा कायदा आला. सुपरफंड म्हणून तो ओळखला जातो.

तरीसुद्धा भिंतीपलीकडं काय बनतं हे विचारायचा हक्क अमेरिकेतल्या शेजाऱ्यालाही 1984 पर्यंत देशपातळीवर नव्हता. तो मिळाला भोपाळमुळं. वेस्ट व्हर्जिनिया राज्यात इन्स्टिट्यूट नावाच्या गावी कार्बाइडचा तसाच कारखाना होता, तिथंही मिथाइल आयसोसायनेट बनत होतं. भोपाळच्या बातम्या बघून तिथले लोक धास्तावले. कंपनीनं सांगितलं, इथं तसं होणार नाही. ऑगस्ट 1985 मध्ये त्याच कारखान्यातून दुसरं एक रसायन सुटलं आणि शंभरावर लोकांना इस्पितळात न्यावं लागलं. मग संसद हलली. ऑक्टोबर 1986 मध्ये आपत्कालीन नियोजन आणि समाजाच्या जाणून घेण्याच्या हक्काचा कायदा झाला. कारखान्यात कोणती घातक रसायनं किती आहेत हे स्थानिक समितीला आणि अग्निशमन दलाला कळवायचं आणि हवेत, पाण्यात, जमिनीत काय किती सोडलं त्याची यादी दरवर्षी जाहीर करायची. ही यादी कोणीही पाहू शकतो. यात गंमत अशी की या कायद्यात रसायन कमी सोडा असं म्हटलेलंच नाही, नुसतं सांगा म्हटलं आहे. पण सांगायची वेळ आली तशी मोन्सॅन्टोसारख्या बलाढ्य कंपनीनं 1988 मध्ये जाहीर केलं, की हवेत सोडलं जाणारं घातक रसायन आम्ही 90 टक्क्यांनी कमी करू. आकडा चारचौघांत येणार म्हटल्यावर लाज वाटते, कंपनीलाही.

मी जयप्रकाश नगरच्या टपरीवर बसलो होतो तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. नंतर वाचलं आणि बरेच दिवस मनातून गेलं नाही. काझी कॅम्पची माणसं मेली आणि अमेरिकेतल्या शेजाऱ्याला जाणून घ्यायचा हक्क मिळाला. त्यांना मिळाला याचं वाईट वाटायचं कारण नाही. आपल्या हाती काय आलं, एवढाच प्रश्न आहे.

कायदे आपल्यालाही मिळाले, आणि पुष्कळ मिळाले. पर्यावरण संरक्षण कायदा 1986 चाच. भोपाळला बरोबर वर्ष होत असताना, 4 डिसेंबर 1985 ला दिल्लीत श्रीराम कारखान्यातून ऑलियम वायू सुटला. त्या खटल्यात न्यायमूर्ती भगवतींच्या न्यायपीठानं सांगितलं, की धोकादायक धंदा करणाऱ्याची जबाबदारी पूर्ण आहे, कोणतीही सबब चालणार नाही. 1987 मध्ये फॅक्टरी ॲक्टमध्ये दुरुस्ती झाली आणि 41-ब हे कलम आलं. धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्याच्या मालकानं तिथले धोके, आरोग्यावर होणारे परिणाम आणि त्यावरचे उपाय कामगारांना, सरकारी निरीक्षकाला, स्थानिक प्राधिकरणाला आणि आसपासच्या सर्वसामान्य लोकांना सांगितलेच पाहिजेत, असं ते कलम होतं. आसपासचे सर्वसामान्य लोक! कायद्यात आपला उल्लेख आहे बरं का. 41-ह कलमानं कामगाराला धोका दिसला तर तो सांगण्याचा हक्कही दिला. 1996 च्या नियमांनी जिल्ह्याला कलेक्टरच्या हाताखाली आपत्ती गट नेमायला सांगितलं.

मी शाळेत शिकवतो. दहावीच्या वर्गाला, गावातल्या ओळखीच्या सरपंच-ग्रामसेवकांना, पिरंगुटला कामाला जाणाऱ्या पोरांना मी विचारून पाहिलं आहे. 41-ब कोणाला माहीत नव्हतं. बावीस-तेवीस वर्षं कंपनीत काढलेल्या एका माणसानं मला उलट विचारलं, "सर, हे आपल्याकडचं आहे का बाहेरचं?"

आता मुळशी. या तालुक्याला कायद्याची ओळख फार जुनी आहे, पण ती वेगळ्या बाजूनं. शंभर वर्षांपूर्वी टाटांचं धरण आलं तेव्हा 1894 च्या भूसंपादन कायद्यानं जमिनी गेल्या. 1921 च्या रामनवमीला सत्याग्रह उभा राहिला, सेनापती बापट तुरुंगात गेले, आणि धरण झालंच. मुळशीचं पाणी आजही घाट उतरून कोकणात भिऱ्याला जातं आणि वीज होऊन मुंबईकडं. तेव्हा शेतकऱ्याच्या बाजूनं कायदाच नव्हता. 2010 मध्ये मोसे खोऱ्यात लवासाचं काम केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं थांबवलं तेव्हा कायदा होता. केंद्राची मंजुरी न घेता डोंगरावर काम झालं असं मंत्रालयाचं म्हणणं होतं, राज्याच्या परवानग्या आहेत असं कंपनीचं. वर्षभरानं अटी घालून मंजुरी मिळाली. तोवर शहर उभं होतं. त्या प्रकरणावर इतकं लिहिलं गेलं आहे की मी इथं थांबतो.

उरवड्यावर मात्र तेवढं लिहिलं गेलं नाही. कोळवणहून एस.टी.नं पौडला यायचं, पुढं पिरंगुट. उरवडे तिथून जवळ. 7 जून 2021, सोमवार. कोरोनाचे निर्बंध नुकते सैल झाले होते. दुपारी तिथल्या एसव्हीएस ॲक्वा टेक्नॉलॉजीज या कंपनीत आग लागली. 17 कामगार जळून मेले. त्यातल्या 15 बायका. पॅकिंगचं काम करणाऱ्या. आत अडकलेल्यांना काढायला जेसीबीनं भिंत फोडावी लागली. देह ससूनला नेले, पण चेहरा ओळखू येईना, डीएनए तपासून घरच्यांच्या ताब्यात द्यावे लागले. त्या रात्री तालुक्यातल्या कितीतरी घरांत फोन फिरत होते, तुमची घरी आली का, आमची आली का.

त्या दिवशी संध्याकाळी आणि नंतर दोन-तीन दिवस लोक एकमेकांना एकच विचारत होते, तिथं बनत काय होतं? कोणी म्हणालं सॅनिटायझर. कोणी म्हणालं पाणी साफ करायची पावडर. कंपनी पाणी शुद्ध करायला लागणारं क्लोरीन डायऑक्साइडचं उत्पादन करायची, हे पेपर वाचून कळलं. चौकशी समिती नेमली गेली, मालकांवर गुन्हा दाखल झाला, राष्ट्रीय हरित लवादानं स्वतःहून दखल घेतली, मदत जाहीर झाली. हे सगळं नियमानं झालं. मला राहून राहून टपरीवरचे ते मेंदीच्या दाढीचे चाचा आठवत होते. सदतीस वर्षं मध्ये गेली, डझनभर कायदे झाले, आणि भिंतीपलीकडं काय आहे ते आपल्याला अजून आग लागल्यावर पेपरात वाचावं लागतं.

यावर आमचा एक मित्र म्हणतो, सर, लोकांनाच नको असतं. माहिती दिली तरी वाचणार कोण? मी त्याला 2020 ची गोष्ट सांगतो. पर्यावरण परिणाम तपासणीचे नियम बदलायचा मसुदा केंद्र सरकारनं त्या वर्षी काढला. लोकांना मत द्यायची मुदत 30 दिवसांवरून 20 दिवसांवर आणायची, असं त्यात होतं. मसुदा फक्त इंग्रजी आणि हिंदीत. दिल्ली उच्च न्यायालयानं 30 जूनला सांगितलं, की घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांत तो द्या. सरकार त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं! लोक वाचणार नाहीत अशी खात्री असती तर मराठीत छापायला एवढी खळखळ कशाला केली असती?

अमेरिकेतही हक्क मिळाला म्हणजे सगळं झालं असं नाही, हेही सांगायला हवं. 17 एप्रिल 2013 रोजी टेक्सासमधल्या वेस्ट नावाच्या छोट्या गावात खताच्या गोदामाला आग लागून स्फोट झाला. 15 माणसं मेली आणि त्यातली 12 आग विझवायला, मदतीला धावलेली होती, बहुतेक गावातलेच स्वयंसेवक. अमोनियम नायट्रेट पेटल्यावर काय होऊ शकतं याची पुरेशी कल्पना त्यांना नव्हती. भरलेले फॉर्म कुठंतरी फाइलीत होते. जवळच शाळा होती. संध्याकाळ होती म्हणून मुलं नव्हती.

आणि भोपाळचा कचरा अजून परवापरवापर्यंत तिथंच पडून होता. 2025 च्या पहिल्या दोन दिवसांत 337 टन कचरा बंद कंटेनरांतून पीथमपूरला नेला आणि पुढच्या काही महिन्यांत जाळला. पीथमपूरचे लोक रस्त्यावर उतरले, दोघांनी अंगावर पेट्रोल ओतून घेतलं. शास्त्रज्ञ म्हणत होते धोका नाही. असेलही तसं. पण चाळीस वर्षं ज्यांनी काहीच सांगितलं नाही, त्यांनी एका सकाळी येऊन धोका नाही म्हटलं तर कोणाचा विश्वास बसेल?

हे सगळं मी आता का लिहितोय, तर माझ्या फुफीची सून गेल्या वर्षापासून कामाला जाते. कंपनीचं नाव लिहीत नाही. सकाळी सातच्या आत डबा घेऊन निघते, संध्याकाळी येते. फुफेरा भाऊ टेम्पो चालवतो, भाडं कधी मिळतं कधी नाही. दोन मुलं शाळेत. तिच्या पगारावर घराचा हप्ता जातो, त्यामुळं काम सोड असं सांगायची कोणाची हिंमत नाही, माझीही नाही. कंपन्या नकोत असंही मी म्हणत नाही. आंबेमोहोर आणि इंद्रायणीच्या दीड-दोन एकरांवर आता कोणाचं घर चालतं?

ईदच्या वेळी फुफीकडं गेलो होतो. शिरखुर्मा देताना तिच्या हाताकडं लक्ष गेलं. बोटांची कातडी सोललेली, कोरडी. विचारलं, काय झालं? म्हणाली, "कुछ नै भाईजान, पावडर लगती." कसली पावडर? "सफेद. पुड्याँ भरने का काम है हमारा." काय आहे ती? "क्या मालूम. बोलते दवाई है."

मी तिला एवढंच सांगितलं, की पिशवीवर नाहीतर ड्रमवर काहीतरी छापलेलं असेल, त्याचा फोटो आण. फोन गेटवरच जमा करतात म्हणाली. मग मी म्हटलं, नाव लिहून आण. तिची सातवी झालेली, तीही उर्दू माध्यमात. इंग्रजी अक्षरं एकेक करून तिनं हातावर पेनानं काढून आणली, दोन दिवसांत थोडी थोडी. घामानं निम्मी पुसलेली. त्यातून माझ्या ओळखीच्या रसायनशास्त्राच्या मॅडमना काय ते कळलं. जिवावर बेतणारं नव्हतं, पण हातमोजे आणि तोंडावर मास्क पाहिजेच, आणि ओलाव्यापासून दूर ठेवायला पाहिजे, असं त्यांनी सांगितलं. मी ते मोठ्या अक्षरात लिहून दिलं, एका बाजूला मराठीत, दुसऱ्या बाजूला उर्दूत. तिच्या टेबलावरच्या बाकीच्या सहा जणी मराठी वाचणाऱ्या.

सुपरवायझरनं कागद पाहिला आणि विचारलं, हे कोणी दिलं? तिनं सांगितलं, भाईनं. तो काही बोलला नाही, कागद खिशात घातला. हातमोजे तिसऱ्या दिवशी आले, सात जणींना चार जोड्या. रसायनाचं माहितीपत्रक कामगारांना दाखवा म्हणून त्या बायकांनी अर्ज केला आहे, तो मीच लिहून दिला, 41-ब चा उल्लेख करून. सातपैकी पाच जणींनी सह्या केल्या. एकीचा नवरा नको म्हणाला, एक नवीन आहे. उत्तर अजून आलेलं नाही. फुफी माझ्यावर थोडी नाराज आहे, सुनेची नोकरी घालवशील म्हणते. सून काही म्हणत नाही. परवा तिचा फोन आला होता, शेडला मागच्या बाजूला दार आहे का ते बघ असं मी मागं सांगितलं होतं त्याबद्दल. दार आहे, म्हणाली. पुढं पोत्यांची थप्पी लावलेली आहे.